भात्याचा कॅमेरा : ओळख आणि कालनिर्णय



कामगार चळवळीतील माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल, फार तर नव्या कामगार कायद्यावर बोलेल, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज मी जुन्या लाकडी, घडीच्या, भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर बोलणार आहे. विषय बदलला असला तरी माझे प्रश्न बदललेले नाहीत. ही वस्तू कोणी केली, केव्हा केली, कोणाच्या हातांनी ती दुरुस्त झाली, आणि तिच्यावर नाव मात्र कोणाचे राहिले? हेच प्रश्न मी आजवर कारखान्याच्या फाटकाशी विचारीत आलो. तेच आज कॅमेऱ्याला विचारावयाचे आहेत.

असे प्रश्न विचारण्याची ही वेळ आहे. नांदेडच्या आणि लातूरच्या जुन्या फोटो स्टुडिओंचे माळे आता रिकामे होत आहेत. आधी रंगीत फिल्म आली, मग डिजिटल कॅमेरा आला, आणि शेवटी प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. वारसदारांना जागा हवी आहे. अशा वेळी जुन्या वस्तूंचा व्यापारी येतो. विकत घेताना तो म्हणतो, "लाकूड किडलेले आहे, भंगारच आहे", आणि तीच वस्तू मोठ्या शहरात विकताना म्हणतो, "दीडशे वर्षांपूर्वीची आहे, निजामाच्या दरबारी फोटोग्राफरची आहे." पहिल्या बोलण्यात मालक बुडतो, दुसऱ्यात गिऱ्हाईक बुडते, आणि दोन्हींत इतिहास बुडतो. यावर उपाय एकच : कॅमेऱ्याचे वय आपले आपण काढता आले पाहिजे. ते फारसे अवघड नाही.

प्रथम हे कॅमेरे आपल्याकडे आले कसे ते थोडक्यात पाहू. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील सभासद होते. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानात ही कला रुजविण्याचे मोठे श्रेय लाला दीनदयाळ यांना जाते. त्यांचा जन्म १८४४चा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात ते शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि १८८०च्या दशकात सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. पुढे मुंबईतही निघाला. ते १९०५ साली वारले. त्यांच्या २,८०० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. एवढे मोठे नाव असल्यामुळेच व्यापारी प्रत्येक लाकडी पेटी त्यांच्या खात्यावर मांडतात.

नांदेडला मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० साली आली, आणि बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला १९११ साली पोहोचली. या सनांना आपल्या विषयात महत्त्व आहे. काचेच्या प्लेटा जड असतात आणि फुटतात. साडेआठ इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद अशा डझनभर काचांचेच वजन दीड-दोन किलो भरते. शिवाय त्यांच्या चौकटी, कॅमेरा, स्टँड आणि औषधांच्या बाटल्या. बैलगाडीतून हा संसार नेणे अशक्य नव्हते, पण नित्याचा धंदा करणाऱ्याला तो परवडणारा नव्हता. म्हणून आपल्या गावच्या स्टुडिओतील कॅमेऱ्याविषयी कोणी १८७० साल सांगू लागला, तर त्याला आधी विचारावे की त्या साली त्याला प्लेटा कोण पुरवीत होता?

आता वस्तूकडे वळू. या कॅमेऱ्याचे अवयव मोजके आहेत. पुढे एक चौकट, तिच्यात भिंग. मागे एक चौकट, तिच्यात दुधी काच. दोहोंमध्ये चामड्याचा किंवा कापडाचा घड्यांचा भाता. खाली फळी, तिच्यावर दातेरी पट्टी आणि पितळी चाक. ते फिरविले म्हणजे भाता लांब-आखूड होतो आणि दुधी काचेवर चित्र स्पष्ट उमटते, पण उलटे. फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोके घालतो तो हे चित्र पाहण्यासाठी. मग दुधी काच बाजूला करून तेथे प्लेटची चौकट सरकवावयाची.

पहिले काम म्हणजे दुधी काच मोजणे. साडेआठ बाय साडेसहा इंच भरली तर फुल प्लेट. साडेसहा बाय पावणेपाच भरली तर हाफ प्लेट. सव्वाचार बाय सव्वातीन भरली तर क्वार्टर. ही इंग्रजी मापे होत. पाच बाय सात इंच हे अमेरिकेकडचे नेहमीचे माप. तेरा बाय अठरा किंवा नऊ बाय बारा सेंटिमीटर असेल तर माल बहुधा जर्मनीचा किंवा युरोपातील दुसऱ्या एखाद्या देशाचा.

दुसरे काम म्हणजे घडी पाहणे. जुन्या एका प्रकारात भिंगाची चौकट पक्की असते, मागची चौकट मागेपुढे सरकते आणि मागे लांबलेली फळी वर दुमडते. दुसऱ्या प्रकारात मागची चौकट बहुधा जागच्या जागी राहते, पुढची चौकट पुढे सरकते, आणि तळफळी मिटली की तीच झाकणासारखी दुधी काचेचे किंवा भिंगाच्या बाजूचे रक्षण करते. लंडनच्या जॉर्ज हेअरने १८८२ साली या दुसऱ्या प्रकाराचा जो नमुना काढला, त्याची नक्कल पुढे विलायतेतील जवळजवळ प्रत्येक कारखान्याने केली. पुढे निमुळता होत जाणारा भाता मात्र त्याहून जुना आहे. स्कॉटलंडच्या किनिअर नावाच्या वास्तुशिल्पीने तो १८५७ साली करविला होता. तेव्हा भाता निमुळता आहे एवढ्यावरून कॅमेरा नवा ठरत नाही.

तिसरे काम नावाची पट्टी वाचण्याचे. येथे पुष्कळांची फसगत होते. पितळेच्या किंवा हस्तिदंती रंगाच्या पट्टीवर असलेले नाव कारखानदाराचे असते किंवा नुसते दुकानदाराचे असते. मुंबईच्या अथवा कलकत्त्याच्या दुकानदाराने विलायती कॅमेऱ्यावर आपली पट्टी ठोकली म्हणजे तो कॅमेरा मुंबईचा होत नाही. मात्र कारखान्याचे नाव आणि पत्ता मिळाला तर तो कालनिर्णयाला फार उपयोगी पडतो. थॉर्नटन-पिकार्ड ही कंपनी १८८८ साली मँचेस्टरला निघाली आणि १८९१ साली आल्ट्रिंचमला गेली. तेव्हा पट्टीवर आल्ट्रिंचम असेल तर कॅमेरा १८९१ च्या अलीकडचा. 'जॉर्ज हॉटन अँड सन' असेल तर तो १९०४ च्या आधीचा. 'हॉटन्स लिमिटेड' असेल तर त्या सालापासून पुढचा. जर्मन मालावर 'डी. आर. जी. एम.' ही अक्षरे असली तर १८९१ पूर्वीचा प्रश्नच नाही, कारण त्या नोंदणीचा कायदाच त्या साली झाला. 'ईस्टमन कोडॅक कंपनी' हे नाव १८९२ चे.

या नावांत एक नाव मला विशेष प्रिय आहे. फ्रेडरिक सँडरसन हा केंब्रिजचा माणूस धंद्याने लाकूडकाम आणि कोरीवकाम करणारा. उंच इमारतींचे फोटो सरळ यावेत म्हणून भिंगाची चौकट खाचांच्या पितळी पट्ट्यांवर हवी तशी वर-खाली आणि तिरपी करता येईल, अशी युक्ती त्याने काढली आणि १८९५ साली तिचे पेटंट घेतले. माल हॉटनच्या कारखान्यात होई, पण कॅमेऱ्याला नाव सँडरसनचे राहिले. हजारो सुतारांनी, पितळकाम करणाऱ्यांनी आणि भाते चिकटविणाऱ्या बायकांनी हा धंदा उभा केला. त्यांतील ज्याचे नाव वस्तूवर टिकले असा हा विरळा कारागीर होय.

चौथे काम भिंगाचे. भिंगाच्या पितळी कड्यावर नाव कोरलेले असते आणि प्रत्येक नावाला जन्मसाल असते. 'रॅपिड रेक्टिलिनिअर' हे डालमायरचे भिंग १८६६ चे. कुक ट्रिप्लेट १८९३ चे. झाइसचे टेसार १९०२ चे. 'डॅगोर' हे नाव १९०४ चे. भिंग त्याहून जुने असले तरी आधी ते दुसऱ्या नावाने विकले जाई. छिद्राचे आकडे 'यू. एस.' या पद्धतीचे असले तर ती पद्धत १८८१ ची आहे आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ती मागे पडली. भिंगात तिरपे पाहिले असता निळसर-जांभळी झाक दिसली, तर काचेवर लेप आहे. तो दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाला. कोडॅकने तर आपल्या एक्टार भिंगांवर गंमतच करून ठेवली आहे. 'कॅमेरॉसिटी' या दहा इंग्रजी अक्षरांच्या शब्दात पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, असे करीत शेवटचे म्हणजे शून्य. क्रमांकाच्या आधी 'ई' आणि 'ओ' असतील तर चार आणि सहा, म्हणजे १९४६.

पाचवे शटरचे. सर्वांत जुन्या भिंगांना शटर नसे; टोपी काढावयाची, मनात आकडे मोजावयाचे आणि टोपी लावावयाची. पुढे कापडी पडदा गुंडाळला जाणारी लाकडी डबी आली. थॉर्नटन-पिकार्डचे नाव तिच्यावरच झाले. जर्मनीचे कॉम्पुर शटर १९१२ चे. त्याचा वेग आधी वरच्या लहान तबकडीने ठरवीत. १९२८ च्या सुमारास भिंगाभोवतीचे कडे फिरवून ठरविता येऊ लागला.

आता या सर्वांतून वय कसे काढावयाचे? नियम सोपा आहे. प्रत्येक भाग एक खुंटी ठोकतो. 'याच्या आधी नाही' ही एक खुंटी, 'याच्या नंतर नाही' ही दुसरी. आपले उत्तर या दोन खुंट्यांच्या मध्ये असते. मात्र सगळे भाग एकाच वयाचे असतील असे धरून चालू नये. आपल्याकडच्या बैलगाडीचा साटा आजोबांच्या वेळचा असतो, चाके बापाने बदललेली असतात आणि जू परवाच्या बाजारातले असते. गाडी एकच, पण तिला तीन जन्मतारखा. कॅमेऱ्याचे तसेच आहे.

उदाहरणार्थ असे समजा की हाफ प्लेटचा महॉगनी लाकडाचा एक कॅमेरा पुढे आला. पट्टी आल्ट्रिंचमची. भिंग टेसार, ते कडे फिरविण्याच्या कॉम्पुर शटरात बसविलेले. भात्याला मागून ठिगळ. पेटीत एक उर्दू बिल, त्यावर १३४१ फसली. पेटी १८९१ नंतरची. टेसार १९०२ नंतरचे. शटर १९२८ च्या सुमाराचे किंवा नंतरचे. आपल्या संस्थानी फसली सनात ५९० मिळविले म्हणजे तो सन ज्या इसवी सनात सुरू झाला ते वर्ष निघते. १३४१ म्हणजे १९३१ च्या शरदात सुरू झालेले वर्ष. तेव्हा पेटी आधीची, आणि १९३१-३२ च्या सुमारास कोणीतरी तिला नवे भिंग घालून कामास जुंपली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही कागदाची साक्ष आपल्या मराठवाड्यात विशेष बोलकी आहे. बिलावर 'हाली' रुपये आहेत की 'कलदार', हे पाहावे. हाली नाणे संस्थानाचे. ते १९५०च्या दशकात व्यवहारातून गेले. फोटोच्या पुठ्ठ्यावर निजामाचे नाव असेल तर पदवी पाहावी. सातवे निजाम उस्मान अली खान यांना 'हिज एक्झाल्टेड हायनेस' ही पदवी १९१८ साली मिळाली. त्याआधी नुसते 'हिज हायनेस' होते. 'लातूर, जि. उस्मानाबाद' असा शिक्का असेल तर तो १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा होण्यापूर्वी केलेला आहे.

या शेवटच्या शिक्क्याचा एक अनुभव सांगतो. लातूरकडील एक कारखाना बंद पडला आणि भरपाईचा हिशेब सुरू झाला. एका वृद्ध कामगाराची नोकरी व्यवस्थापनाच्या नोंदीत १९८५ पासून दाखविली होती. त्यांचे म्हणणे, आपण त्याच्या कितीतरी आधीपासून कामावर आहोत. त्यांच्याजवळ पुरावा एकच, भिंतीवरचा ग्रुप फोटो. पुठ्ठ्यामागे स्टुडिओचा शिक्का 'जि. उस्मानाबाद' असा होता. पण एवढ्यावर भागले नसते; जुने छापील पुठ्ठे पुढेही वापरले जातात. मग आम्ही चित्राकडे वळलो. ते फुल प्लेटच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याने काढलेले होते आणि निगेटिव्ह कागदावर टेकवूनच छापलेले, म्हणजे वाढविलेले नव्हते. अशा छापात तपशील किती राहतो ते घड्याळजीचे भिंग घेऊन पाहावे. तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या या गृहस्थांच्या छातीवरचा बिल्ला वाचता आला. तो क्रमांक, आणि पुढे खुर्चीवर बसलेल्या, १९८१ साली निवृत्त झालेल्या फोरमनचा चेहरा, या दोहोंनी काम केले. त्यांची मधली वर्षे धरली गेली. लहान फिल्मवरचा फोटो असता तर तो बिल्ला नुसता पांढरा ठिपका राहिला असता. मोठ्या निगेटिव्हचे सामर्थ्य मला त्या दिवशी कळले. ज्याचे नाव नोंदवहीत नाही त्याची नोंद या काचेत आणि फिल्ममध्ये असते.

आता दुरुस्तीविषयी. व्यापारी ठिगळाची किंमत कापतो. इतिहासाने ती वाढवून धरावी. आपल्याकडच्या हवेत सरस सुटतो, वाळवी लागते. म्हणून विलायतेतील कारखाने उष्ण देशांसाठी वेगळा माल काढीत : सागवानी लाकूड आणि सांध्यांवर पितळेच्या पट्ट्या व कोपरे. तरीही भाता उन्हाळ्यात तडकतोच. तो नवा करण्यासाठी कोणी लंडनला पाठवीत नसे. ज्याला पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता करता येतो त्याला कॅमेऱ्याचाही करता येतो. केरळात अलप्पुळा येथे नेमके हेच घडले. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या घराण्यातील करुणाकरन यांच्याकडे कॅमेऱ्याचा भाता दुरुस्तीला आला, आणि त्यातून १९४०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी अख्खा कॅमेराच घडविला. सागवान, पितळ आणि भाता असलेला हा 'वागीश्वरी' कॅमेरा आरंभी अडीचशे रुपयांस विकला जाई आणि तो देशभर गेला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा केला, त्याच जातीचे हे काम. म्हणून लाकूड आणि पितळ दिसले की एकोणिसावे शतक म्हणण्याची घाई करू नये. लंडनच्या गँडोल्फी घराण्याने १८८५ पासून जवळजवळ शंभर वर्षे याच घाटाचे कॅमेरे हाताने केले; त्यांचे वय केवळ आकारावरून सांगू म्हटले तर जाणकारही चुकेल.

निव्वळ खोटा माल ओळखणे मात्र सोपे आहे. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत ठेवण्यासाठी मुरादाबाद-रुरकीकडे पितळेच्या आणि लाकडाच्या शोभेच्या वस्तू होतात, त्यांत कॅमेरेही असतात. ते करणाऱ्या कारागिरांचा काही दोष नाही. ते शोभेची वस्तू म्हणूनच करतात. दोष त्याला १८८० साल चिकटविणाऱ्याचा. अशा कॅमेऱ्याचा भाता ओढला तर पुरता उघडत नाही. मागे प्लेटची चौकट सरकविण्यास खाच नसते. आणि स्क्रूच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी फुली असते. फुलीचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. खऱ्या जुन्या कॅमेऱ्याच्या स्क्रूला एकच सरळ चीर असते, आणि कोपऱ्यांवर लाकडाचे दात एकमेकांत अडकवून सांधा केलेला असतो.

शेवटी आपणांकडे काही मागणे आहे. घरात किंवा ओळखीच्या स्टुडिओत असा कॅमेरा असेल तर त्याचे पितळ घासून चकचकीत करू नका. वरचा मूळचा लाखेचा हात निघून गेला की एक साक्षीदार जातो. पेटीतले बिल, दुकानाची चिठ्ठी, भात्याचे ठिगळ टाकू नका. प्लेटची माप, पट्टीवरील अक्षरे, भिंगाचा क्रमांक आणि तो कोणी कोणी वापरला त्यांची नावे एका कागदावर लिहून पेटीत ठेवा. आणि कॅमेऱ्याहून अधिक काळजी काचांची घ्या. काचा धुऊन त्या फोटोंच्या चौकटींना आणि खिडक्यांना लावल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरे गेली, त्यांबरोबर भिंतींवरची माणसेही गेली. अशा वेळी गेलेल्या माणसाचा चेहरा परत मिळण्याची जागा म्हणजे स्टुडिओच्या माळ्यावरची ती धुळीने भरलेली पेटी.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत महाविद्यालये आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांपैकी एकाने जरी पुढाकार घेऊन जुन्या स्टुडिओंतील कॅमेऱ्यांची आणि निगेटिव्हची यादी केली, तरी मोठे काम होईल. यादी करण्यास पैसा फारसा लागत नाही. एक वही, एक फूटपट्टी, एक भिंग आणि जुन्या फोटोग्राफरांशी बोलण्यासाठी थोडी सवड लागते. ज्या मंडळींना ही सवड असेल त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावे. पहिली वही माझ्याजवळ तयार आहे.